ताप कितव्या दिवसाचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळ्याच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत रिपोर्टचे फोटो आहेत, गोळ्यांची नावं आहेत. पण ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, हे बहुतेकांनी लिहिलेलंच नाही. संसर्गाच्या आजारात तीच तारीख सगळ्यात आधी लागते. कोणती तपासणी करायची, ती खरी मानायची का आणि औषध किती दिवस चालवायचं, हे सगळं त्यावर ठरतं. कॅलेंडरवर ताप आला त्या तारखेला गोल करा आणि मग पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : मुलगा घरपोच सामान पोचवण्याचं काम करतो. परवाच्या पावसात कमानीजवळ दिवसभरात चार-पाच वेळा पोटरीभर पाण्यातून जावं लागलं. बूट घासून टाचेला जखमही झाली आहे. लेप्टोची गोळी आता घ्यायची का? मेडिकलवाला म्हणतो, ताप आला की बघू. (कुर्ला)

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा जंतूंचा ताप. तो यायची वाट बघू नका. ही गोळी ताप येऊ नये म्हणूनच असते आणि ती पाण्यातून आल्यापासून ७२ तासांच्या आत पोटात गेली पाहिजे. परवाचा पाऊस म्हणजे तुमच्या हातात आजचाच दिवस आहे. जवळच्या पालिका दवाखान्यात त्याला आजच पाठवा.

औषध डॉक्सिसायक्लिन. मोठ्या माणसाची मात्रा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल. ती किती वेळा घ्यायची हे धोक्यावर ठरतं. एकदाच पाण्यातून गेला आणि अंगावर जखम नाही, त्याला एकच मात्रा पुरते. एकदाच गेला पण जखम किंवा खरचटलेलं आहे, त्याला रोज एक मात्रा, तीन ते पाच दिवस. तुमच्या मुलासारखा वारंवार पाण्यात उतरणारा, सफाई किंवा बचावकार्य करणारा असेल, तर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल यांना डॉक्सिसायक्लिन देत नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं आणि मुलाची मात्रा वजनावर डॉक्टर ठरवतात.

ही कॅप्सूल घ्यायची रीत बहुतेकांना कुणी सांगत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या घोटभर पाण्याबरोबर गिळली, तर ती अन्ननलिकेला चिकटते, तिथे व्रण पडतो आणि दोन दिवस घास गिळवत नाही. जेवण झाल्यावर, बसून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दूध, कॅल्शियम, लोहाची गोळी आणि अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांच्यात आणि हिच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. नाही तर औषध आतड्यातच अडकून राहतं आणि रक्तात पोचत नाही. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, हेही त्याला सांगा.

टाचेची जखम साबणाने धुवा. पुन्हा पाण्यात जायचं असेल तर पाणी आत जाणार नाही अशी पट्टी लावा आणि गमबूट घाला. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि फुटलेल्या, भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात.

गोळी घेतली म्हणजे धोका शून्यावर आला असं नाही. पुढच्या ३० दिवसांत ताप आला, पोटऱ्या दाबल्यावर दुखल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं : ‘अमुक तारखेला साचलेल्या पाण्यातून गेलो होतो.’ लेप्टोची आयजीएम तपासणी (शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर विसंबून उपचार थांबले, तर तोवर मूत्रपिंड आणि फुप्फुसं धरलेली असतात. शंका पक्की असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात आणि तेच बरोबर आहे.

प्रश्न : मुलीला तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची तपासणी केली, निगेटिव्ह आली. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि प्लेटलेट ६२ हजार निघाल्या. प्लेटलेट चढवायच्या का? पपईच्या पानांचा रस द्यावा का? आणि डेंग्यूची लस आली का? (डोंबिवली)

दुसऱ्या दिवशी कोणती तपासणी केली, ते रिपोर्टवर बघा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन शोधणारी, पाचव्या दिवसानंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली असेल तर ती निगेटिव्ह येणारच होती. एनएस-१ झटपट निकाल देणाऱ्या कार्डावर केली असेल आणि मुलीला आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल, तर कार्ड चुकू शकतं. प्रयोगशाळेतली एलायझा पद्धतीची तपासणी जास्त भरवशाची.

६२ हजारांना प्लेटलेट चढवत नाहीत. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय तो विचार होत नाही. घरोघरी सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं, पण डेंग्यूत माणूस जातो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्यामुळे. म्हणून त्याच रिपोर्टमधली हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती) ही ओळ शोधा. ती आधीपेक्षा पाचव्या हिश्श्याने वाढली, समजा ३५ वरून ४२ वर गेली, तर रक्त घट्ट होत आहे आणि मुलीला सलाईनची गरज आहे.

हे झिरपणं ताप उतरतो त्याच सुमाराला, तिसऱ्या ते सातव्या दिवसात होतं. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, तेच नेमके जपायचे दोन दिवस. सतत पोटदुखी, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल मलूल किंवा चिडचिडं, सहा तासांत लघवी नाही, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तोवर ओआरएस, शहाळं, पेज, ताक थोडं थोडं देत राहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन मात्रांत सहा तास सोडून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या कडू रसाने आधीच ओकणाऱ्या मुलाची उलटी वाढते आणि पाणी आणखी कमी होतं. देऊ नका.

लस अजून बाजारात मागायला जाऊ नका. पॅनेशिया बायोटेकच्या एका डोसच्या ‘डेंगीऑल’ लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेबरोबर ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. देशातल्या १९ केंद्रांवर १० हजारांहून जास्त लोक त्यात घेतले जातील आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं, असं ठरलं. एवढा वेळ लागण्याला कारण आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकाविरुद्ध तयार झालेली अर्धवट प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराच्या संसर्गात आजार आणखी तीव्र करू शकते. चारही प्रकारांना लस पुरी पडते का, हे निवांत तपासलंच पाहिजे.

प्रश्न : भावाला एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) निघाला. आमच्या चाळीत एकाला याच आजारासाठी पावणेदोन वर्षं औषधं चालली, इंजेक्शनं घेऊन कान गेले. भावाला मात्र सहा महिन्यांचा कोर्स सांगितला आहे. एवढ्यात खरंच बरा होईल? (गोवंडी)

होय, आणि हा कोर्स तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचाच आहे, त्यात इंजेक्शन नाही. याला बी-पाल-एम म्हणतात. त्यात चार औषधं आहेत : बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात मान्यता दिली. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानात झालेल्या चाचणीत जुन्या लांब उपचारात जवळजवळ निम्म्या रुग्णांची गाडी कुठे ना कुठे घसरली होती : आजार हटला नाही, औषध सोडावं लागलं किंवा रुग्ण दगावला. नव्या कोर्समध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. चाळीतल्या माणसाच्या अनुभवावरून भावाचा धीर खचू देऊ नका.

कोर्स २६ आठवड्यांचा. प्रिटोमॅनिड २००, लिनेझोलिड ६०० आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ४०० मिलिग्रॅम रोज. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनच दिवस २००. घरी घोटाळा होतो तो इथेच. तिसऱ्या आठवड्यापासून कुणी जुन्या सवयीने रोज घेत राहतो, कुणी तीन दिवसांचं म्हणता म्हणता सगळ्याच गोळ्या तीन दिवसांवर आणतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार ठरवून दाराच्या मागे कागद लावा आणि गोळी घेतली की खूण करा. सगळ्या गोळ्या भरल्या पोटी घ्यायच्या. बेडाक्विलिन आणि प्रिटोमॅनिड अन्नाबरोबर कितीतरी जास्त शोषलं जातं, नुसत्या चहा-बिस्किटावर भागत नाही. राहिलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही. टीबी उपचार केंद्रावर कळवायची.

आता त्रास काय होतात ते आधीच माहीत असू द्या, कारण कोर्स सुटतो तो याच त्रासांमुळे.

लिनेझोलिडने तळपायांना मुंग्या येतात, चटका बसल्यासारखं वाटतं, रक्त कमी होतं आणि क्वचित नजर अंधूक होते. मुंग्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात सांगितलं, तर डॉक्टर मात्रा कमी करून किंवा काही दिवस थांबवून नस वाचवू शकतात. ‘कोर्स संपल्यावर सांगू’ म्हणून बसलं, तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. नजरेसाठी घरी एक साधी गोष्ट करा : रोज एकेक डोळा झाकून तेच कॅलेंडर तेवढ्याच अंतरावरून वाचायला लावा. आकडे पुसट दिसले किंवा लाल रंग फिका वाटला, तर दुसऱ्याच दिवशी केंद्र गाठा.

बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हृदयाच्या ठोक्याचं विद्युतचक्र लांबवतात. म्हणून सुरुवातीला, दोन आठवड्यांनी आणि पुढे दर महिन्याला ईसीजी करतात. तो कंटाळून टाळू नका. उलटीसाठी घरात पडलेली डोमपेरिडोन किंवा ऑन्डनसेट्रॉन आणि घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन, यांचाही हृदयावर तोच परिणाम होतो. बाहेरच्या डॉक्टरकडे गेलात तर टीबीच्या गोळ्यांची यादी समोर ठेवा. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घसरलं की धोका वाढतो, म्हणून दोन दिवस उलट्या झाल्या तरी कळवायचं. आणि जळजळीसाठी घेतो ते गुलाबी-पांढरं पातळ औषध मॉक्सिफ्लॉक्सॅसिनला बांधून ठेवतं. ते हवंच असेल तर काही तासांचं अंतर केंद्रावर विचारून ठेवा. मानसिक आजाराची गोळी किंवा खोकल्याचं सिरप चालू असेल तर तेही सांगा, लिनेझोलिडचं काहींशी जमत नाही.

हा कोर्स सगळ्यांना चालत नाही. वय १४ च्या खाली, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई, मेंदूचा किंवा हाडाचा टीबी, अशांना वेगळा उपचार देतात. आजार सावकाश हटत असेल तर डॉक्टर मुदत वाढवूही शकतात, त्याला अपयश समजू नका.

औषधं आणि तपासण्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. टीबी रुग्णाला आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली आहे, ती बँक खात्यात येते. आली नाही तर १८००-११-६६६६ वर विचारा.

प्रश्न : वरच्याच घरातला पुढचा प्रश्न. घरात आम्ही सहा जण, एक मूल तीन वर्षांचं. आम्हीही गोळ्या घ्यायच्या का?

आधी प्रत्येकाची तपासणी, मग गोळी. हा क्रम उलटा करू नका. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यांची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे झाल्याशिवाय प्रतिबंधक गोळी सुरू केली आणि आत खरा आजार असला, तर एक-दोन औषधांनी तो मरत नाही, उलट त्या औषधांना सरावतो. पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नाही हे ठरलं की प्रतिबंधक उपचार देतातच, कारण लहान मुलांत टीबी पटकन मेंदूपर्यंत जातो.

मोठ्यांसाठी सुप्त संसर्ग (जंतू अंगात आहेत, पण आजार झालेला नाही) ओळखणारी सीवाय-टीबी ही त्वचेची नवी चाचणी आहे. जुन्या माँटू चाचणीत बीसीजीच्या लशीमुळेही गाठ उठायची आणि घोळ व्हायचा. नव्या चाचणीतली प्रथिनं बीसीजीत नसतात. हातावर टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत गाठ मोजायची, ५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. लालपणा मोजायचा नाही, हाताला लागणारा टणकपणा मोजायचा.

साध्या टीबीच्या घरात आता आठवड्यातून एकदा, अशा १२ मात्रांचा कोर्स देतात : आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. लघवी केशरी होते, घाबरू नका. कुटुंब नियोजनाच्या गोळ्या मात्र या काळात निकामी ठरतात, दुसरं साधन वापरा. पण तुमच्या घरातला टीबी एमडीआर आहे, त्यामुळे हा कोर्स तुम्हाला लागू नाही. अशा घरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये रोज लिव्होफ्लॉक्सॅसिन, सहा महिने, अशी शिफारस केली आहे. भावाचे जंतू त्या गटाच्या औषधांना दाद देतात का, हे त्याच्या रिपोर्टवरून बघून केंद्रावरचे डॉक्टर ठरवतील. शेजाऱ्याच्या १२ मात्रांच्या गोळ्या उसन्या आणू नका.

आणखी एक गोष्ट, आम्हाला फार मोलाची वाटते. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला : त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्णाच्या ताटात अंडं-डाळ पडते, पण वाढणारी बाई उरलंसुरलं खाते. तिच्या ताटाकडेही बघा.

प्रश्न : मलेरियाची लस पुण्यात तयार होते म्हणे, मग मुंबईत का मिळत नाही? मला चार महिन्यांत दोनदा मलेरिया झाला. (वरळी)

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आर-२१ ही लस बनते, ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पण ती फाल्सिपॅरम या मलेरियाच्या प्रकाराविरुद्ध आहे आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांना देतात. मुंबईत पुष्कळ मलेरिया व्हायव्हॅक्स या दुसऱ्या प्रकाराचा असतो, त्यावर तिचा उपयोग नाही.

तुमचा दुसरा मलेरिया बहुधा नव्या डासाचा नाही, पहिल्याच वेळचा. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप जातो, रक्त साफ होतं, पण यकृतातले तसेच राहतात. त्यांच्यासाठी प्रिमाक्विन लागतं : मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, १४ दिवस. साडेसातच्या दोन गोळ्या रोज म्हणजे एकूण २८. पहिल्या वेळची पट्टी घरात असेल तर उरलेल्या गोळ्या मोजा, उत्तर तिथेच मिळेल. रिकाम्या पोटी पोट दुखतं म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडतात. जेवणानंतर घ्या.

प्रिमाक्विनआधी जी-६-पीडी ही रक्ततपासणी करून घ्या. हे विकर (एन्झाइम) कमी असेल तर रक्तपेशी फुटतात. पारशी आणि वाटलिया प्रजापती समाजांत ही कमतरता जास्त आढळते. गोळी चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात हे औषध देत नाहीत.

प्रश्न : ३० किलोच्या मुलाला भटका कुत्रा चावला, रक्त आलं. इंजेक्शन सुरू केलं, पण ‘जखमेतलं इंजेक्शन’ वेगळं लागतं का? (भांडुप)

लागतं. रक्त आलं म्हणजे तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी. लशीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर लागतो, तोवर रेबीजच्या विषाणूला जखमेतच अडवावं लागतं. त्यासाठी तयार प्रतिपिंडं जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. घोड्याच्या रक्तातून काढलेली असतील तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तातली २० युनिट. आता प्रयोगशाळेत बनवलेली एकजिनसी प्रतिपिंडंही मिळतात. सीरमच्या रॅबिशील्डची मात्रा किलोमागे ३.३३ युनिट, म्हणजे तुमच्या मुलाला साधारण १००. लशीचा पहिला डोस होऊन सात दिवस झाले नसतील तर हे आजही देता येतं. पहिल्या डोसची तारीख कार्डावर बघा आणि निघा.

स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ हे दिवस (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). त्वचेत देत असतील तर ०, ३, ७, २८. लस दंडात द्यायची, कुल्ल्यावर नाही. लहान मुलाला मांडीत. हळद, चुना, मिरची जखमेत भरली असेल तर धुऊन काढा : वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून. टाके शक्यतो घालत नाहीत.

प्रश्न : विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून दर वर्षी टायफॉइडचा कोर्स करतो. लस घ्यावी का? (ठाणे)

दर वर्षी टायफॉइड होत असेल याची शक्यता कमी, दर वर्षी विडाल पॉझिटिव्ह येत असेल याची जास्त. जुना संसर्ग, जुनी लस, दुसरा एखादा ताप, यांनीही ती पॉझिटिव्ह येते. पुढच्या वेळी पहिली अँटिबायोटिक गोळी पोटात जायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मागा. मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर रक्त बाटलीत जायला हवं. दोन मिलिलिटर घेतलं किंवा दोन गोळ्या आधीच झाल्या असल्या, तर जंतू वाढत नाहीत आणि रिपोर्ट फुकट जातो. कल्चरमधून कोणतं औषध चालेल हेही कळतं, आणि टायफॉइडचे जंतू आता सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून ते कळणं गरजेचं आहे.

लस जरूर घ्या. नवी संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लस सहा महिन्यांच्या बाळापासून एकाच डोसमध्ये देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ती मोहीम काढून दिली होती. आणि खरा टायफॉइड निघाला, योग्य औषध सुरू झालं, तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलून नवं अँटिबायोटिक चालू करू नका.